गल्प व्हॉल्व्ह हरवला आहे

कॅलिफोर्नियात जुनी मोटार विकत घ्यायची तर स्थळ बघताना पत्रिका मागतात तसं आधी तिचं साल विचारावं. रंग, गंज, इंजिन, किंमत या गोष्टी नंतर. पेट्रोलवर चालणारी गाडी १९७५ च्या किंवा त्याआधीच्या मॉडेलची असेल, तर 'स्मॉग चेक' नावाच्या सरकारी परीक्षेतून ती जन्मभरासाठी सुटलेली असते. १९७६ ची असेल, तर दर दोन वर्षांनी परीक्षा, आणि ती थेट भंगारात जाईपर्यंत. दोघी एकाच कारखान्यातून सहा महिन्यांच्या अंतराने बाहेर पडलेल्या असल्या, तरी थोरलीला माफी ती माफीच. धाकटीचं मात्र बॉनेट उघडून आत टॉर्च मारतात.

ही रेघ कायद्याने मारली, आणि तीही उशिरा. पूर्वी नियम सरकता होता. गाडीला तीस वर्षं झाली की तिचा स्मॉग चेक संपायचा. २००४ मध्ये विधिमंडळाने हे सरकणं थांबवलं, गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी सही केली आणि १९७६ च्या मॉडेलवर रेघ गोठली. श्वार्झनेगर यांचं हमर या रणगाडेवजा गाडीवरचं प्रेम जगजाहीर आहे. त्यांच्याच हातून ही सही व्हावी, हे जुन्या गाड्यांच्या शौकिनांना अजून पचलेलं नाही. १९७६ ची गाडी २००६ मध्ये सुटायची होती. दोन वर्षं कळ काढायची राहिली.

या रेघेच्या चुकीच्या बाजूला सापडलेली एक गाडी नमुन्यादाखल घेऊ. १९७९ ची एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात बनलेली, दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसीचं. मायदेशी याच इंजिनाची ताकद ९५ अश्वशक्ती सांगितली जायची. १९७५ नंतर अमेरिकेला धाडलेल्या गाड्यांत ती ६२ च्या आसपास उरली. तीसेक घोडे अटलांटिक ओलांडताना कुठे बुडाले, याची चौकशी अमेरिकन गिऱ्हाइकाने आपल्या परीने केली. बॉनेट उघडलं. आत एक अनोळखी पंप, त्याला पट्टा, पंपातून निघालेल्या नळ्या, नळ्यांच्या मध्ये बसवलेल्या झडपा आणि कोपऱ्यात एक काळा डबा. गिऱ्हाइकाचा संशय पक्का झाला. त्याने पाना उचलला.

खरं तर ताकद खाल्ली होती मुख्यतः दुसऱ्यांनीच. कॉम्प्रेशन कमी केलेलं होतं, आणि पूर्वीच्या दोन एसयू कार्ब्युरेटरच्या जागी एकटा झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग येऊन बसला होता. पण कॉम्प्रेशन डोळ्यांना दिसत नाही आणि पंप दिसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

फाशी गेलेली ही मंडळी होती तरी कोण, ते पाहण्याआधी त्यांना बॉनेटखाली आणलं कुणी, हे सांगायला हवं. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर असा काही धूसर पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, आणि जपान्यांनी विषारी वायूचा हल्ला केला अशी आवई उठली. मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर बोट ठेवलं गेलं. कारखाना बंद करून पाहिला, तरी धुरकं हटेना. पुढे परसातल्या कचराभट्ट्या आरोपी झाल्या. खरा आरोपी शोधला तो कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ अननसाच्या वासावर काम करत होता. वासाचे रेणू गोठवून गोळा करण्याचं तंत्र त्याच्या हाताशी होतंच. त्याने अननस बाजूला ठेवला, खिडकीबाहेरची हवा त्याच उपकरणातून ओढली, आणि तळाशी तपकिरी, घाण वासाचा द्रव जमला. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मांडून दाखवलं की मोटारींचा आणि तेलशुद्धीकरणाचा धूर उन्हात शिजतो आणि त्यातून ओझोन तयार होतो. मोटार कंपन्यांना हे शास्त्र मान्य व्हायला बरीच वर्षं लागली.

त्या काळी हवेतला ओझोन ओळखायची एक सोपी युक्ती होती. रबराची पट्टी वाकवून ठेवायची आणि तिला चिरा पडायला किती वेळ लागतो ते बघायचं. ही गोष्ट एमजीबीच्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण धुरकं रोखण्यासाठी त्याच्या गाडीत ज्या रबरी नळ्या बसवल्या, त्यांचा काळ हेच धुरकं.

हागेन-स्मिट पुढे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा पहिला अध्यक्ष झाला. बोर्ड स्थापन झालं १९६७ मध्ये, गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. एका रिपब्लिकन गव्हर्नरने बोर्ड उभं केलं आणि दुसऱ्याने सूट गोठवली. तेव्हा जुन्या गाड्यांचा छळ डाव्या विचारांचेच लोक करतात, या कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांमधल्या लाडक्या सिद्धान्तात थोडी हवा कमीच आहे.

बोर्डाच्या आधीपासूनच बॉनेटखाली भरती सुरू झाली होती. साठच्या दशकारंभी आला पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या कडेने निसटून क्रँककेसमध्ये उतरणारी वाफ पूर्वी एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडली जायची. ती परत इंजिनात पाठवणं हे त्याचं काम. मग आला एअर पंप. सिलिंडर हेडला चार भोकं पाडून त्यातून एक्झॉस्टच्या तोंडाशी तो ताजी हवा फुंकतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल वाटेतच जळून जातं. त्यानंतर कोळशाचा डबा. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून तो ती शोषून ठेवतो आणि इंजिन सुरू झालं की परत करतो. मग ईजीआर व्हॉल्व्ह. थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये वळवून तो जळणाचं तापमान खाली आणतो, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात. आणि १९७५ च्या सुमारास आला कॅटलिटिक कन्व्हर्टर, पोटात मौल्यवान धातूंचा मुलामा घेऊन.

एवढ्यावर भागलं असतं, तर इंग्रज इंजिनिअर कसले? एमजीबीत गल्प व्हॉल्व्ह नावाचं एक प्रकरण आहे. धावत्या गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम सोडला की आत पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते, ते जादा पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि मागून फटाका वाजतो. तसं होऊ नये म्हणून ही झडप पंपाच्या हवेचा एक घोट इनटेकमध्ये पाजते. त्याशिवाय अँटी-रन-ऑन व्हॉल्व्ह. चावी काढून मालक घरात गेला तरी पातळ मिश्रणावर तापलेलं इंजिन फट-फट करत चालूच राहायचं. त्याचं पेट्रोल तोडायला ही दुसरी झडप. म्हणजे धूर कमी करायला काही यंत्रं, आणि त्या यंत्रांनी काढलेल्या खोड्या निस्तरायला आणखी काही. या सगळ्यांना जोडणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या कुठून कुठे जातात, ते कारखान्याच्या कागदावर पाहिलं तर मुंबईच्या लोकलचा नकाशा सोपा वाटावा.

यातली गंमत अशी, की हे सगळे भाग नवे असताना, एकमेकांशी जुळलेले असताना, खरोखर काम करत. बिघाड व्हायचा तो वयाने. पंपाचं बेअरिंग गेलं की तो किंचाळायला लागे. नळीला चीर पडली की इंजिन हुंदके देई. मेकॅनिककडे गाडी नेली की तो दोन वाक्यांत निदान करी: काढून टाकू, गाडी पळेल. पंपाचा पट्टा कापला जाई, हेडमधल्या चार भोकांत चार बोल्ट ठोकले जात, कोळशाचा डबा कचऱ्यात, आणि झेनिथ-स्ट्रॉम्बर्गच्या जागी इटालियन वेबर कार्ब्युरेटर. बॉनेटखाली एकदम मोकळं मोकळं. कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांना शिसेमुक्त पेट्रोलच लागे, म्हणून त्यांच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं असे. शिशाच्या पेट्रोलचा नोझल आत शिरूच नये, ही योजना. लोकांनी ते तोंडही ठोकून रुंद केलं. शिशाचं पेट्रोल काही सेंटांनी स्वस्त होतं ना!

हे करणाऱ्याला जुन्या गाड्यांच्या जगात 'आधीचा मालक' एवढंच नाव आहे. त्याला चेहरा नाही, पत्ता नाही, आणि केलेलं एकही काम सरळ नाही. इंडिकेटरच्या वायरीला स्पीकरची वायर त्याने जोडली. गंजलेल्या तळाला पत्रा न लावता लांबी आणि रंग त्याने लावला. आणि एअर पंप त्यानेच काढला. आजचा मालक गाडी उचलून धरलेली असताना तिच्या पोटाखाली पडल्या पडल्या त्याचा उद्धार करतो. पण कायद्याच्या बाजूने पाहिलं तर या अनाम माणसाच्या बचावाला थोडी जागा आहे. १९७० च्या संघीय कायद्याने अशी छेडछाड करायला कारखानदार आणि विक्रेत्याला मनाई केली. गॅरेजवाल्याला मनाई झाली १९७७ मध्ये. गाडीच्या मालकापर्यंत संघराज्याची बंदी पोचली १९९० मध्ये. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा आधीपासून कडक होता. पण टेक्सासात किंवा ॲरिझोनात कुणी रविवारी सकाळी आपल्याच अंगणात पंप काढत असेल, तर वॉशिंग्टनची त्यावर विशेष हरकत नव्हती. तीच गाडी आज विकली जाऊन कॅलिफोर्नियात येते आणि स्मॉग चेकच्या दारात उभी राहते.

कॅलिफोर्नियाचा स्मॉग चेक १९८४ पासून आहे. दाट वस्तीच्या भागात जुन्या गाडीला रोलरवर चढवतात, आधी ताशी पंधरा आणि मग पंचवीस मैलांच्या वेगाने जागच्या जागी पळवतात, आणि मागे नळी खुपसून हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मोजतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण हवा धरतं का, तेही बघतात. गाडी हे सगळं पास होऊ शकते. नवं वेबर नीट जुळवलेलं, प्लग नवे, तेल नवं, टायमिंग अचूक आणि एक्झॉस्टखाली चालू कन्व्हर्टर असेल, तर छत्तीस-सदतीस वर्षांची जुनी इंजिनंही आकड्यात बसून दाखवतात, सत्तेचाळीस वर्षांचीसुद्धा. मग येते नजरेची तपासणी.

तंत्रज्ञ बॉनेटच्या आतल्या बाजूचा स्टिकर शोधतो. या गाडीला कारखान्यातून काय काय लावून दिलं होतं, त्याची यादी त्यावर असते. स्टिकर उन्हाने उडाला असेल तर त्याच्याकडे पुस्तक असतं. यादीतल्या प्रत्येक नावापुढे तो शेरा मारतो: आहे, बेपत्ता आहे, तोडलेलं आहे, बदललेलं आहे. हेडमधल्या चार बोल्टांवर टॉर्चचा उजेड पडला की तो थांबतो. आधीचा मालक तिथे अंगठा उठवून गेलेला असतो.

"धूर तर स्वच्छ आहे ना?" मालक विचारतो.

"एकदम."

"मग?"

"पंप नाहीये."

"पंप धूर स्वच्छ करायलाच असतो ना? तो स्वच्छ आहेच."

"हो. पण पंप नाहीये."

या संवादाला पुढे वाट नाही. तंत्रज्ञाला गाडीवर दया आली तरी त्याच्या यंत्रात दयेचं बटण नाही. नजरेच्या तपासणीत नापास म्हणजे नापास. आणि नापास गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण होत नाही.

बे एरियातल्या कुणा मराठी इंजिनिअरने हौसेने अशी गाडी घेतली असेल, तर त्याची तारांबळ जरा जास्त होते, कारण त्याच्या डोक्यात पीयूसी असते. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली टपरी, सायलेन्सरमध्ये खुपसलेली कांडी, दोन मिनिटांत हातात चिठ्ठी. तिथे बॉनेट कधी उघडलेलं त्याने पाहिलेलं नसतं. आणि उघडून बघणार काय? भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो एप्रिल १९९५ मध्ये. १९७९ च्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली हरवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पुण्याला शिकताना वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये नव्या गाड्यांच्या धुराची तपासणी चालते हे त्याला माहीत असतं. पण आपण घेतलेल्या जुन्या गाडीला एक जुनी, मोडकी, किंचाळणारी वस्तू नसल्याबद्दल नापास करतात, हे त्याला पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला समजावून सांगता येत नाही.

"म्हणजे गाडी चालते?"

"चालते."

"धूर नाही सोडत?"

"नाही."

"मग तो डबा कशाला हवा रे त्यांना?"

"असायला हवा होता म्हणून."

आई यावर काही बोलत नाही. तिने तहसील कचेरी पाहिलेली असते.

यातून सुटण्याच्या वाटा आहेत. पहिली म्हणजे गाडी विकून मोकळं होणं. तिथे असं आढळतं, की कॅलिफोर्नियात गाडी विकणाऱ्यानेच स्मॉगचा दाखला द्यायचा असतो आणि तो नव्वद दिवसांच्या आतला लागतो. जशी आहे तशी विकली, असं कागदावर लिहून घेतलं तरी ही जबाबदारी टळत नाही. आई-वडील, मुलं, नवरा-बायको यांच्यात गाडी हस्तांतरित झाली तर त्या व्यवहारापुरती सूट आहे. म्हणजे गाडी बायकोच्या नावावर करता येते. घरातली कटकट अंगणातून दिवाणखान्यात येते, एवढाच लाभ.

दुसरी वाट म्हणजे हरवलेला माल शोधून परत लावणं. ही खरी तीर्थयात्रा. आपले आपण पाने घेऊन जायचे आणि हवा तो भाग काढून आणायचा, अशी भंगारची मोठमोठी आवारं कॅलिफोर्नियात आहेत. पण तिथे १९७९ ची एमजीबी आता दिसली तर दिसली, आणि दिसली तरी तिचाही पंप तिच्या आधीच्या मालकाने काढलेला. मग सुट्या भागांचे रविवारचे बाजार. तिथे पेट्रोमॅक्सपासून ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत सगळं मांडून बसलेल्या म्हाताऱ्याकडे खोक्यात तळाशी एक गल्प व्हॉल्व्ह निघतो. म्हाताऱ्याला त्याचं नाव माहीत नसतं, किंमत मात्र माहीत असते. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याने ती नुकतीच ठरवलेली असते. गल्प व्हॉल्व्ह मिळाला तर त्याचा पडदा फाटलेला. पंप मिळाला तर ब्रॅकेट नाही. ब्रॅकेट मिळालं तर हेडमधल्या भोकांत हवा नेणारी चार फाट्यांची नळी नाही. ती मिळाली तर तिच्या जागी ठोकलेले चार बोल्ट पंचेचाळीस वर्षांच्या उष्णतेने हेडशी एकजीव झालेले. त्यातला एक तुटतो. नेहमी चौथा.

कन्व्हर्टरचा अध्याय वेगळाच. नवा बसवायचा तर एअर रिसोर्सेस बोर्डाने मंजूर केलेला, बोर्डाच्या आदेशाचा क्रमांक अंगावर असलेला लागतो. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या कन्व्हर्टरच्या खोक्यावर तो एकोणपन्नास राज्यांत चालेल असं छापलेलं असतं. पन्नासावं राज्य कुठलं, हे विचारायची गरज पडत नाही. वेबरसारख्या बदली कार्ब्युरेटरचीही तीच कथा: बोर्डाचा क्रमांक असेल तर तो सुधारणा, नसेल तर छेडछाड. त्यात आता चोरांची भर पडली आहे. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमसाठी रात्रीतून गाड्यांखालचे कन्व्हर्टर कापून नेण्याची इतकी साथ आली, की २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाला चोरीचे कन्व्हर्टर विकत घेणाऱ्यांविरुद्ध कायदे करावे लागले. ७९ मध्ये जो भाग मालक स्वतः हौसेने फेकून देत होता, तो आता चोर पहाटे तीन वाजता जॅक लावून नेतो.

तिसरी वाट रेफरीकडे जाते. स्मॉग चेकचं हे अपील कोर्ट. रेफरीची केंद्रं बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात असतात. आवश्यक भाग आता कुठेच मिळत नाही हे सिद्ध झालं, तर त्या भागापुरती मर्यादित सूट देण्याचा अधिकार रेफरीला असतो. आता एखादी गोष्ट जगात नाही हे सिद्ध कसं करायचं? तर भाग विकणाऱ्यांना विचारून, आणि 'नाही' हे उत्तर कागदावर घेऊन. एरवी दुकानदाराने नाही म्हटलं की माणूस खट्टू होतो. रेफरीकडे निघालेला मालक नकार मिळाला की हरखून जातो आणि फाईलला लावतो. त्यातच एखादा विक्रेता उत्साहाने कळवतो: एक पीस आहे, इंग्लंडमध्ये, पंधरा दिवसांत येईल. सगळ्या मेहनतीवर पाणी.

आणि एक चौथी वाट आहे, जी बऱ्याच मालकांना उशिरा कळते. गाडी किमान पस्तीस वर्षं जुनी असेल आणि तिचा संग्राहकांसाठीचा खास विमा उतरवलेला असेल, तर रेफरीकडे तिची नजरेची तपासणी टळू शकते. पंप कुठे, डबा कुठे, असं कुणी विचारत नाही. झाकण नीट असावं, कुठून पेट्रोल गळू नये आणि धूर त्या सालाच्या, त्या वर्गाच्या मर्यादेत असावा, एवढीच अट. ऐकायला स्वर्ग. पण धूर त्या सालाच्या मर्यादेत बसावा म्हणूनच तर कारखान्याने तो पंप, तो डबा आणि तो कन्व्हर्टर लावला होता. त्यांच्याशिवाय आकडा गाठायला निघालेला मालक कार्ब्युरेटरच्या स्क्रूला पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे देत रात्री गॅरेजमध्ये उभा असतो, आणि हळूहळू त्याच्या मनात एअर पंपाबद्दल आदर निर्माण होतो.

पाचवी वाट काढायचा प्रयत्न २०२५ मध्ये झाला. बरबँकच्या गॅरेजमध्ये गाड्यांचा प्रचंड संग्रह बाळगणारे विनोदी कलाकार जे लेनो त्यासाठी सॅक्रामेंटोला जाऊन विधिमंडळापुढे बोलले. किमान पस्तीस वर्षं जुन्या, संग्राहक विमा असलेल्या गाड्यांना स्मॉग चेक पूर्ण माफ करावा, असं राज्याच्या सिनेटर शॅनन ग्रोव्ह यांचं विधेयक होतं, आणि सगळे त्याला 'लेनोचा कायदा' म्हणू लागले होते. अशा गाड्या आहेत किती आणि धावतात किती, हा समर्थकांचा युक्तिवाद. आज माफी दिली तर उद्या नव्वदच्या दशकातल्या गाड्या रांगेत उभ्या राहतील, ही विरोधकांची भीती. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. जुन्या गाड्या महिन्यातून एकदा आइस्क्रीम खायला बाहेर पडतात हे बरोबर. पण साठच्या दशकातल्या गाडीशी तुलना केली, तर नेहमीच्या प्रदूषकांच्या बाबतीत आजची नवी गाडी ९८ ते ९९ टक्के स्वच्छ आहे असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. ते काही आपोआप झालेलं नाही. बॉनेटखालच्या त्या किचकट, शिव्या खाल्लेल्या नळ्यांपासूनच त्याची सुरुवात झाली. विधेयक सिनेटमधून पार पडलं आणि ऑगस्टमध्ये असेंब्लीच्या खर्चविषयक समितीत अडकलं, ते अडकलंच.

मधल्या काळात बाजाराने आपला निवाडा दिला आहे. ऐंशीच्या दशकात जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत 'स्मॉगची सगळी लफडी काढून टाकलेली' हे वाक्य भूषण म्हणून लिहिलं जायचं आणि त्याचे शंभर-दोनशे डॉलर जास्त मागितले जायचे. आज कॅलिफोर्नियातला विक्रेता बॉनेट उघडून फोटो काढतो, त्यात पंपाचा पट्टा स्पष्ट दिसेल अशी काळजी घेतो आणि खाली लिहितो: स्मॉगचं सगळं मूळ सामान जागेवर, गल्प व्हॉल्व्हसकट. ज्याचं सामान जागेवर नाही, पण आधीच्या मालकाने कधीकाळी सद्बुद्धी होऊन ते खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं होतं, तोही ते खोकं गाडीच्या डाव्या चाकाशी मांडून फोटोत घेतो. गिऱ्हाईक येतं, टायरला लाथ मारत नाही, दार उघडून बघत नाही, गाडी चालवून बघायची तर बातच सोडा. आधी खोक्यात वाकतं आणि ब्रॅकेट मोजायला लागतं.